आयटीआय झालं, आता डिग्री कशी? खान्देशातल्या मुलामुलींसाठी

आधी बेरीज करू. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय. मग पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी दोन. मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तीन. झाली सात वर्षं. अकरावी-बारावी सायन्स करून सरळ इंजिनिअरिंगला गेलेल्याची होतात सहा. फरक फक्त एका वर्षाचा. आणि दहावीनंतर थेट डिप्लोमाला गेला असाल तर तोही नाही, तीन अधिक तीन सहाच.

ही बेरीज मला कोणी वेळेवर सांगितली नाही. मी टर्नर. आयटीआय करून जळगावच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो, तेव्हा घरी-दारी एकच समज होता की आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट. पुढं शिकायचं म्हटलं की गल्लीतला कोणीतरी हमखास विचारायचा, "शिकी शिकी कितलं शिकशी रे भो?" रस्ता होता, पण तो कुठून सुरू होतो हे सांगणारं कोणी नव्हतं. आता दर उन्हाळ्यात आठ-दहा पोरं-पोरी फाइल घेऊन माझ्याकडं येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी आपण कुठं उभे आहोत ते बघा

"मी व्होकेशनल केलंय" म्हणणाऱ्या चार पोरांचे रस्ते चार असतात. त्यामुळं कॉलेजचं नाव काढण्याआधी आपल्या हातातलं प्रमाणपत्र नीट वाचा.

तुमचा ट्रेड दोन वर्षांचा असेल (फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन, मोटार मेकॅनिक, ड्राफ्ट्समन) आणि दहावी पास असाल, तर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे. हा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होतो. शाखा ट्रेडशी जुळणारी बघा: इलेक्ट्रिशियनला इलेक्ट्रिकल, फिटर-टर्नरला मेकॅनिकल. सरकारी पॉलिटेक्निक जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आहे. खासगीची फी भरण्याआधी सरकारीत नंबर लागतो का, ते बघाच.

ट्रेड एका वर्षाचा असेल, म्हणजे वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड), शिवणकाम, तर हे दार तुमच्यासाठी नाही. हे आधीच कळलेलं बरं, कारण कोपा केलेल्या मुली दरवर्षी याच समजुतीवर पॉलिटेक्निकच्या रांगेत उभ्या राहतात आणि खिडकीवरून परत फिरतात. त्यांनी बारावी करायची. नियमित कॉलेजात नाही जमलं, तर बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून. तिथून बीए, बीकॉम, बीसीए हे रस्ते खुले होतात. बीसीए-बीबीएला 2024 पासून सीईटी आहे, तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता भरावा लागतो.

दोन वर्षांच्या आयटीआयवाल्याला इंजिनिअरिंग नकोच असेल, साधी पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांना बसायचं असेल, तर एक सोपी वाट आहे, आणि ती खेड्यापाड्यात फारच कमी लोकांना माहीत आहे. राज्य मंडळ आयटीआयचे विषय 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट'नं धरतं. तुम्ही फक्त भाषांचे दोन पेपर द्यायचे, की बारावीचं प्रमाणपत्र हातात. मंडळाच्या परीक्षा अर्जांच्या सूचनेत नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी यांच्या ओळीत आयटीआयवाल्यांचा वेगळा उल्लेख असतो, तो हाच. त्यानंतर तीन वर्षांचं बीए, म्हणजे दहावीनंतर पाच वर्षांत पदवी, बारावी आर्ट्स करून गेलेल्याइतकीच. सायन्सला मात्र याचा उपयोग नाही, कारण फिजिक्स-मॅथ्स त्यात येत नाहीत. ज्या कॉलेजात जाणार त्यांच्या पात्रता विभागात असं प्रमाणपत्र दाखवून आधी विचारून घ्या. तोंडी नको, नमुन्याची झेरॉक्स पुढं ठेवून विचारा.

एमसीव्हीसी, म्हणजे अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम, केलेल्यांची बारावी झालेलीच आहे, त्यामुळं बीए-बीकॉमला अडचण नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मात्र बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. ते नसेल तर पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष हाच सरळ मार्ग. डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याची प्रवेशप्रक्रिया राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा कक्ष) चालवतो.

आता बी.व्होक., म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन, याबद्दल. 2014 पासून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) योजनेत आलेली ही तीन वर्षांची पदवी आहे. एक वर्षानंतर थांबलात तर डिप्लोमा, दोन वर्षांनी अॅडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. पदवी लागेल अशा नोकरीच्या अर्जाला ती चालते. माझं स्पष्ट मत: तुमच्या ट्रेडशी जुळणारा विषय आणि खरोखर चालणारी प्रयोगशाळा असेल तरच घ्या. नुसतं माहितीपत्रक बघून घेऊ नका. वर्गात जाऊन मशिनवर धूळ आहे का, तेवढं बघून या.

अप्रेंटिसशिप सोडून पळू नका

आयटीआयनंतर रेल्वे, वरणगाव-भुसावळची आयुध निर्माणी किंवा दीपनगरचं वीज केंद्र इथं अप्रेंटिसशिप मिळत असेल, तर डिग्रीच्या घाईत ती सोडू नका. एक वर्ष जातं हे खरं, पण त्याचं प्रमाणपत्र पुढं आयुष्यभर कामाला येतं. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत अप्रेंटिस झालेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात. शिवाय त्या वर्षात विद्यावेतन मिळतं आणि संध्याकाळ मोकळी असते. ती संध्याकाळ कशासाठी वापरायची, ते पुढं सांगतो.

कागद

मार्कांमुळं अडलेली पोरं मी कमी पाहिली. कागदापायी अडलेली भरपूर. माझंच सांगतो. पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपलेली होती. कॅफेवाला म्हणाला, "चालतं, नंतर द्या." चाललं नाही. मुदतीत कागद न आल्यानं नाव ओपनमध्ये गेलं, जवळचं कॉलेज हुकलं, आणि फीचा आकडा बघून वडील दोन दिवस बोलले नाहीत. ते वर्ष मी पुन्हा लेथवर काढलं.

म्हणून मे महिन्यात केळीच्या बागेला पाणी देता देता का होईना, या गोष्टी उरकून घ्या. नॉन-क्रीमी लेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो, गेल्या वर्षीचा चालत नाही. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला सेतूवरून किंवा 'आपले सरकार'वरून निघतो. जूनमध्ये तिथं अर्जांचा ढीग पडतो, मेमध्ये नाही. मध्ये एक-दोन वर्षं नोकरी केली असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात काय करत होतो ते खरं लिहा, काम केल्याची लाज कशाला?

जात वैधता ही सगळ्यात मोठी खिंड. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आल्या-आल्या कॉलेजच्या पत्रासह अर्ज करा, निकालाची वाट बघू नका. जात पडताळणी समिती मागते ते तुमचं प्रमाणपत्र नाही, तुमच्या रक्तनात्यातल्या माणसांच्या जुन्या नोंदी मागते. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे आजोबांच्या नाहीतर चुलत आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा. तो काढायला गावच्या जिल्हा परिषद शाळेत जावं लागतं. हेडमास्तर कपाटातून कापडात गुंडाळलेलं रजिस्टर काढतात, पानं वाळवीनं खाल्लेली असतात, आणि मोडीसारख्या वळणाच्या त्या अक्षरात आजोबांचं नाव बोटानं शोधावं लागतं. सुट्टीत शाळा बंद असते. म्हणून दिवाळीच्या आधी जा.

आणखी एक बारीक खिळा: नावं. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव 'सुपडू', आधारवर 'सुपडा', आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. आपल्याकडं हे घरोघरी आहे. दहावीची सनद हा मूळ कागद धरा आणि बाकी सगळं तिच्यासारखं करून घ्या. आधार दुरुस्त होतं, आयटीआयच्या प्रमाणपत्रातली चूक दुरुस्तीला मात्र महिने लागतात. म्हणून ते हातात पडल्याच्या दिवशीच अक्षर न अक्षर तपासा.

गणित, म्हणजे खरा घाट

थेट दुसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित न शिकता पुढं जाणं. प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटतात, आणि तिसऱ्या सेमिस्टरला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल'चा बेंडिंग मोमेंट समोर आला की तोंड उतरतं. इंजिनिअरिंगला गेल्यावर तर मॅथ्स-थ्रीमध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरियर, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन. बाकीच्या वर्गानं त्याआधी मॅथ्स-वन, मॅथ्स-टू केलेलं असतं, तुम्ही नाही.

पण आयटीआयवाल्याला गणित येत नाही, हे मला मान्य नाही. त्याला ते मशिनवर येतं, कागदावर येत नाही. टर्नरचं उदाहरण घ्या. टेपर, म्हणजे एका टोकाकडं निमुळता होत जाणारा भाग, कापायचाय. मोठा व्यास 40 मिलिमीटर, लहान 30, टेपरची लांबी 50. कंपाउंड स्लाइड, म्हणजे लेथवरची हत्यार धरणारी सरकपट्टी, किती अंशात फिरवायची? 40 मधून 30 वजा, राहिले 10. भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे 100. आलं 0.1. टॅनच्या टेबलात बघितलं की 5 अंश 43 मिनिटं. स्लाइड फिरवली, नट आवळला, जॉब झाला. हे वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या वहीत प्रत्येकानं केलंय.

आता त्याच जॉबकडं दुसऱ्या नजरेनं बघा. टेपरच्या एका टोकाला त्रिज्या 20, दुसऱ्या टोकाला 15, आणि मधलं अंतर 50. म्हणजे एक मिलिमीटर पुढं गेलं की त्रिज्या 0.1 मिलिमीटरनं घटते. लांबीबरोबर त्रिज्या किती वेगानं बदलते, याला पुस्तकात डेरिव्हेटिव्ह म्हणतात. तोच 0.1, जो तुम्ही टॅनच्या टेबलात शोधला होता. टेपर सरळ असल्यानं तो सगळीकडं सारखा. जॉब गोलाकार असता तर जागोजागी बदलला असता, आणि तो बदल काढायचे नियम म्हणजे डिफरन्शिएशनचा धडा. मला हे कळलं तेव्हा लेथ बंद करून थोडा वेळ नुसताच उभा होतो.

अप्रेंटिसशिपची, नाहीतर नोकरीची संध्याकाळ यासाठी ठेवा. रोज एक तास पुरतो. सुरुवात दहावीच्या बीजगणितापासून: अवयव, वर्गसमीकरण, त्रिकोणमितीची सूत्रं. लाज वाटू देऊ नका. धाकट्या भावाचं पुस्तक घ्या. त्यानंतर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित: लॉगॅरिदम, फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. इतकं सहा-आठ महिन्यांत होतं. पॉलिटेक्निकचा प्रवेश नक्की झाला की मेकॅनिक्सची ओळख करून घ्या, नाहीतर बेंडिंग मोमेंटची आकृती परग्रहावरची वाटते. इंजिनिअरिंगला गेल्यावर कॉलेजात ब्रिज कोर्स घेतात का, ते पहिल्याच दिवशी विचारा. घेत असतील तर तो चुकवू नका. नसतील घेत, तर एखाद्या सिनियर डिप्लोमावाल्याला गाठा. तो त्याच खड्ड्यातून वर आलेला असतो.

इंग्रजीची भीती गणिताएवढी नसते. फीड, क्लिअरन्स, बॅकलॅश, इन्सुलेशन, अर्थिंग हे शब्द तुमच्या तोंडात आधीच आहेत. वाक्यं लिहायची सवय नसते, एवढंच. रोज रात्री आज मशिनवर काय केलं ते इंग्रजीत पाच ओळी लिहा. चुकीचं लिहिलं तरी चालेल.

डिप्लोमानंतरचा फॉर्म

इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही. डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं. ओपनला किमान 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40. अर्थात 45 टक्क्यांवर चांगलं कॉलेज मिळतं असा गैरसमज करून घेऊ नका. अर्ज ऑनलाइन, कागदांची तपासणी ई-स्क्रुटिनीनं किंवा केंद्रावर जाऊन. मी तर म्हणेन केंद्रावरच जा. तिथला माणूस कागद उलटून बघतो आणि चूक तिथल्या तिथं कळते.

ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, पोरं मोठ्या शहरांची नावं वर टाकतात आणि मग खोलीभाडं आणि मेसचा हिशेब करत बसतात. खान्देशात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत: जळगावात सरकारी आहे, आणि बांभोरी, भुसावळ, फैजपूर, धुळे, शिरपूर, शहादा इथंही आहेत. त्यातली बरीच लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. बीए-बीकॉमसाठी मात्र कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. दोन्हींची नियमावली वेगळी, म्हणून मित्राचा बीकॉमचा अनुभव इंजिनिअरिंगला लावू नका.

यादी लावताना रेल्वेचा नकाशा समोर ठेवा. अमळनेर, धरणगावच्या मुलाला जळगाव रोज जमतं. भुसावळहून जळगावही जमतं, गाडीनं अर्धा तास, आणि विद्यार्थ्याचा पास स्वस्त पडतो. चाळीसगावचा मुलगा धुळ्याची गाडी बघू शकतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर प्रवेश आपोआप फ्रीझ होतो, पुढच्या फेऱ्या संपल्या. म्हणून जिथं खरोखर जाणार तेच वर लिहा, नुसती हौस म्हणून नाही.

फीबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. सवलती आणि शिष्यवृत्ती मिळण्यासाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत (कॅप) फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेवर त्या मिळत नाहीत. अनेक पालक इथं फसतात. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. वायरमन-इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलींच्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावं. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज वेळेत भरा आणि आधार ज्या बँक खात्याला जोडलंय तेच खातं चालू ठेवा. पैसे तिथंच येतात. जुनं, मिनिमम बॅलन्सपायी बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही लटकते.

घरबसल्या बी.टेक.

हॉटेलात शेवभाजी खाताना टेबलावर कोणीतरी कार्ड ठेवतो: नोकरी करत करत दोन वर्षांत बी.टेक., कॉलेजला जायची गरज नाही. माझ्या ओळखीतल्या एका वायरमननं असे पैसे भरले, आणि प्रमाणपत्र हातात आल्यावर भरतीच्या कागदपत्र तपासणीत बाहेर काढला गेला. 3 नोव्हेंबर 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेशिवाय पत्रव्यवहारानं घेतलेल्या इंजिनिअरिंग पदवीला काही अर्थ नाही. एएमआयईचं, म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षा देऊन मिळवायच्या इंजिनिअरिंगच्या पात्रतेचं, नावही अजून ऐकू येतं. केंद्र सरकारनं तिची पदवीशी समकक्षता 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवली आहे. नोकरी सोडता येत नसेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए-बीकॉम करा, ते खरं शिक्षण आहे. पण इंजिनिअर व्हायचं तर वर्गात बसावंच लागेल.

पहिला महिना

डिप्लोमाचा निकाल, मग फेऱ्या, यात ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. तुम्ही वर्गात पोहोचता तेव्हा तिसरं सेमिस्टर बरंच पुढं गेलेलं असतं आणि पहिली चाचणी तोंडावर असते. पहिल्या आठवड्यात कोणाच्या तरी वह्यांची झेरॉक्स मिळवा, मग ओळखी वाढवा. मागच्या बाकावर डिप्लोमावाल्यांचा वेगळा घोळका जमतो, त्यात बसायला हरकत नाही. पण वह्या पुढच्या बाकावरच्यांच्या घ्या.

मूळ कागद प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात जमा होतात आणि मध्येच एखाद्या भरतीला लागले तर अर्ज-विनंत्या करत परत मागावे लागतात. जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार रंगीत झेरॉक्स काढा आणि डिजिलॉकरमध्ये जे येतं ते तिथं ठेवा. अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र मात्र त्या गठ्ठ्यात घालू नका. प्रवेशाला ते कोणी मागत नाही, आणि रेल्वेची जाहिरात आली की सगळ्यात आधी तेच लागतं.